मामांची बिनआवाजाची गाडी

माझ्या मेहुण्यांनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू ती ज्या कामासाठी जन्माला आली त्या कामाला लावली नाही. मेहुणे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. ती त्यांना दादा म्हणते, म्हणून मीही दादाच म्हणत आलो. डोंबिवलीच्या एका कारखान्यात ते मेंटेनन्सला होते आणि कल्याणला दोन खोल्यांत एकटेच राहत. त्या खोल्यांत पापड इस्त्रीवर भाजले जात आणि शर्टाच्या चुण्या गरम पाण्याच्या तांब्याने मोडल्या जात. टेबलफॅनची पाती काढून त्या जागी त्यांनी रवी बसवली होती. मे महिन्यात एकदा मी घामाघूम होऊन पोचलो आणि पंखा लावा म्हणालो, तर त्यांनी पंख्याखाली दह्याचं भांडं ठेवून बटण दाबलं. ताक माझ्या चष्म्यावर, कॅलेंडरवर आणि वरच्या फळीवरच्या देवांवरही उडालं. "भाऊजी, एकवर ठेवायला हवा होता, मी तीनवर ठेवला," दादा शांतपणे म्हणाले आणि मला वारा घ्यायला वर्तमानपत्र दिलं.

आता असल्या माणसावर रागवायचं तरी किती? मी रागवायचो. तो माझा स्वभावच आहे आणि आमच्या घरात कुणीतरी रागवायला हवंच होतं. कारण बाकीच्या दोघींना, म्हणजे माझ्या बायकोला आणि मंजूला, दादांचं काहीही गोडच वाटायचं. मंजू माझी एकुलती मुलगी. दादांची बायको लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी गेली, मूलबाळ नव्हतं, आणि त्याच वर्षी मंजूचा जन्म कल्याणला त्यांच्याच घरी झाला. तिला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा म्हणे ते एवढंच बोलले, "हिला बोहल्यावर मी आणणार." हे वाक्य पुढची तेवीस वर्षं त्यांनी दर भाऊबीजेला न चुकता म्हटलं. भाऊबीज बहिणीची, ओवाळणी बहिणीला, आणि हे मात्र भाचीकडे बघून दात काढताहेत!

गाडी आली ती मंजूचं लग्न ठरलं त्याच सुमारास. दादांचा कुणी मित्र मस्कतला होता, त्याने ती आणली. पाटाएवढा लांब, गुडघ्याला लागेल एवढा उंच, भल्या थोरल्या चाकांचा खेळण्यातला ट्रक. खेळण्यातला म्हणायचा एवढंच. आत खरंखुरं इंजिन होतं आणि ते नायट्रो नावाच्या गुलाबी औषधावर चालायचं. हातात रिमोट धरून उभं राहायचं आणि गाडी पन्नास पावलांवर पिसाळलेल्या मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखी घोंघावत फिरायची. मागे धूर, आणि घरभर एरंडेलाचा वास. दादांनी लगेच तिच्यावर वाण्याकडचं सामान आणायला सुरुवात केली. वाणी घाबरून दुकानाची फळी लावून घ्यायचा तो भाग वेगळा.

साखरपुड्याला त्यांनी न विचारता ती गाडी आणली. पेढ्यांचं ताट गाडीवरून व्याह्यांपुढे न्यायचं असा बेत. आमचे व्याही म्हणजे मुलाचे वडील, निवृत्त हेडमास्तर. हसताना मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं. बंद हॉलमध्ये गाडी सुरू झाली आणि धुराचा लोट उठला. मुलाच्या आजीला खोकल्याची अशी उबळ आली की तिला उचलून गच्चीत न्यावं लागलं. पेढे तेलकट झाले. व्याही उभे राहिले आणि सबंध वर्गाला शिक्षा सांगावी तशा सुरात म्हणाले, "लग्नात या गाडीचा आवाज माझ्या कानावर आला, तर आम्ही वऱ्हाड घेऊन परत जाऊ." माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी हात जोडले. घरी येताना दादांना रिक्षात फाडफाड बोललो. ते बाहेर बघत होते. माजिवड्याच्या नाक्यावर म्हणाले, "आवाज आला तर, म्हणाले. गाडी आली तर, असं नाही म्हणाले."

लग्नाला पंधरा दिवस उरले असताना शेजाऱ्याचा अँटेना फिरवायला दादा पाण्याच्या टाकीवर चढले आणि तिथून खाली आले. एका पायाला मांडीपासून टाचेपर्यंत प्लास्टर. डॉक्टरांनी पाय टेकायचा नाही म्हणून बजावलं. बायकोने रडून घर डोक्यावर घेतलं. मामाशिवाय नवरी बोहल्यावर येणार कशी? मी नातलगांची उजळणी केली आणि टिटवाळ्याचा एक चुलत मामा मुक्रर केला. धडधाकट, गप्प बसणारा, यंत्राला हात न लावणारा. हे दादांना सांगायचं काम माझ्यावर आलं. मी कल्याणला गेलो.

दादा खाटेवर आडवे. पाय दोरीने छताला टांगलेला, आणि छातीवर परातीत ती गाडी, आतडी काढलेली. मी घसा खाकरून चुलत मामाचं सांगितलं. ते ऐकलं न ऐकलंसं करून म्हणाले, "इंजिन काढलं. गाडी आता विजेवर." मी म्हटलं, "दादा, मी काय म्हणतो ते कळलं का? खुर्चीत बसवून चौघांनी तुम्हाला उचलायचं म्हटलं, तर तुम्ही ऐकणार नाही." तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "चार जणांनी उचलायचं ते एकदाच, भाऊजी. पोरीच्या लग्नात नाही. मी दाराशी बसेन. गाडी तिला नेईल. रिमोट माझ्या हातात, म्हणजे हात माझाच." बोलताना डोळे भरून आले होते त्यांचे. मग मीही गप्प झालो, आणि त्या गप्प होण्याचा त्यांनी होकार असा अर्थ काढला.

एका पैशाचा खर्च न करता, पडल्या जागेवरून त्यांनी ते केलं. भंगारातल्या मोटारगाडीच्या वायपरची मोटर कुणाकडून तरी मागवली आणि तिची गिअरपेटी काढून टाकली. बॅटऱ्या दोन इमर्जन्सी दिव्यांतल्या. वेग कमीजास्त करायला विजेच्या शेगडीची जुनी कॉइल. पूर्वी इंजिनाला ते गुलाबी औषध सोडणारा चिमुकला हात आता त्या कॉइलवरून मागेपुढे सरकायचा. मोटरीचं दातेरी चक्र गाडीच्या चक्राला नेमकं किती चिकटवायचं हा मात्र मोठा पेच. जास्त दाबलं तर अडकतं, सैल राहिलं तर दात झिजून आवाज होतो. दोन्हींच्या दातांत कागदाची पट्टी धरायची, स्क्रू आवळायचे आणि पट्टी ओढून काढायची. वर्तमानपत्र पातळ पडलं, वहीचा पुठ्ठा जाड. शेवटी मंजूची लग्नपत्रिका कापली, ती बरोब्बर बसली. "चांगल्या छापल्यात हो पत्रिका," मला म्हणाले. सबंध लग्नात पत्रिकांचं कौतुक करणारा तो एकच माणूस.

गाडी सुरू केली आणि मी थक्क झालो. आवाजच नाही! नवरी जशी जपून पावलं टाकते, त्याच चालीने ती जमिनीवरून निघाली. आणि तेवढ्यात शेजारणीने मिक्सर लावला. गाडी थरथरली, गर्रकन वळली आणि उधळून ट्रंकेवर जाऊन धडकली. टीव्हीवर मिक्सरने रेघा येतात ना, तसाच तो रिमोटच्या लहरींत घुसत होता. दादांनी चार दिवस नाना उपाय केले, पण मिक्सर जिंकला. अखेर ते म्हणाले, "भाऊजी, एक काम कराल? मामा मुलीला घेऊन या, असं भटजी म्हणाले की स्वयंपाकघरात मिक्सर पाच मिनिटं बंद ठेवायला सांगा. फक्त तेवढंच." मी हो म्हटलं.

लग्न आमच्या ठाण्यालाच, नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये होतं. दादांना टेंपोत गादीवर निजवून आणलं. दोघांनी बगलेत धरून दाराजवळच्या खुर्चीत बसवलं, तेवढ्यातच त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. प्लास्टरचा पाय स्टुलावर, अंगावर नवा सदरा, मांडीवर टॉवेल आणि टॉवेलाखाली रिमोट. जरीच्या उपरण्याचं एक टोक गाडीला मागून बांधलेलं, दुसरं मंजूच्या हातात द्यायचं. मामाचा हात म्हणून. मंजूने मला सरळ सांगून टाकलं होतं, "बाबा, मामाच आणणार मला. नाहीतर मी खोलीतून बाहेर येणार नाही." तरी मी चुलत मामाला सोवळं नेसवून तयार ठेवला होता. माझा जीव टांगणीला लागला होता. समोर व्याही फेटा बांधून बसले होते, आणि ते कान टवकारून बसलेत असं मला उगीचच वाटत होतं.

आता जे सांगतो ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो होतो. आचारी घाम पुसत माझ्याकडे वळला, "बोला साहेब." भोवती आठदहा वाढपी. आमच्या घरूनच नेलेल्या मिक्सरमध्ये कोथिंबीर भरलेली. आणि मला लाज वाटली. काय सांगू त्या माणसाला? खेळण्यातल्या गाडीसाठी चटणी थांबवा? नवरीचा बाप मी! "जिलबी गरम असू द्या," एवढं बोलून मी परत आलो.

"मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" भटजींनी पुकारा केला. खोलीचा पडदा सरकला. आधी गाडी बाहेर आली, टपावर सुपारी आणि अक्षता, मागे ताणलेलं उपरणं, आणि उपरणं धरून खाली मान घातलेली माझी मंजू. आवाज नाही. खरंच नाही! वरच्या पंख्यांचाच काय तो. माणसं पाय आखडून वाट देत होती. कुजबुज थांबली. दादा जिभेचं टोक दातांत धरून अंगठा केसभर हलवत होते. निम्मा हॉल पार झाला. व्याह्यांच्या भुवया फेट्यापर्यंत गेल्या, पण ते जागचे उठले नाहीत. माझ्या मनात आलं, जमलं की हो म्हाताऱ्याला!

आणि आतून मिक्सर घरघरला.

गाडी थरथरली. मंजूच्या हातातून उपरणं हिसकलं गेलं. गाडी गर्रकन वळली, अक्षता उधळल्या, सुपारी गडगडत गेली, आणि खुर्च्यांच्या रांगेतून सुसाट जाऊन ती नेमकी व्याह्यांच्या पायाशी आपटली. एक वायर तुटली नि गाडी थांबली. कुणी हसलं नाही. त्यापेक्षा हसले असते तर बरं. मंजू मध्येच उभी, हात रिकामा. दादांनी रिमोट टॉवेलाखाली लपवला, लहान मुलाने फुटलेली बशी लपवावी तसा. इतक्या वर्षांत त्यांची किती यंत्रं फसलेली मी पाहिली, पण एकही त्यांनी कधी लपवलं नव्हतं. आणि हे मी केलं होतं. भटजी घड्याळ बघून म्हणाले, "मुहूर्ताला चार मिनिटं उरलीत." चुलत मामा पुढे झाला.

मंजूने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती मागे वळली, शालू सावरत दादांच्या खुर्चीशी आली आणि म्हणाली, "मामा, चल." मला काय झालं कुणास ठाऊक, मी धावलो आणि खुर्चीचा एक पाय धरला. चुलत मामाने दुसरा धरला, माझ्या दोन भावांनी उरलेले. दादा घाबरून ओरडले, "नाही, नाही, चौघं नको! भाऊजी, आजच्या दिवशी चौघं नको!" आम्ही तसेच वाकलेले. सोडावं की उचलावं कळेना. आणि स्टुलावरचा तो प्लास्टरचा पाय, तो कोण धरणार?

व्याही उठले. काखेत गाडी, मागे लोंबणारं उपरणं. आमच्यापर्यंत आले, गाडी दादांच्या मांडीवर ठेवली. "आवाज आला नाही," म्हणाले. "शब्दाला जागलात." मग तो फेटेवाला, मुलाचा बाप, ज्याचे पाय त्याच सकाळी मी धुतले होते, तो खाली वाकला आणि नवरीच्या मामाचा पाय त्याने दोन्ही हातांत घेतला. "पाच आहोत आपण," आमच्याकडे बघून म्हणाले. "उचला."

दादा बोहल्यावर गेले ते असे, अधांतरी, एक पाय सरळ नवरदेवाच्या रोखाने ताणलेला, एका हातात भाचीचा हात, मांडीवर गाडी. मंजू हसतही होती आणि रडतही होती. अंतरपाट धरला गेला तेव्हा भटजींच्या घड्याळात एक मिनिट शिल्लक होतं.

पंगतीत दादांचं पान मी स्वतः वाढलं. त्यांनी बोटाने चटणी चाखली, जरा वेळ जिभेवर घोळवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "अगदी ताजी आहे हो, भाऊजी. आत्ताच वाटलेली दिसते." मी मान खाली घातली. पुढे त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही. दर भाऊबीजेला वाटायचं, या वेळी सांगून मोकळं व्हावं, आणि दर वेळी ते मला नवं काहीतरी यंत्र दाखवत बसायचे. राहून गेलं.

सातएक वर्षांनी दादा गेले, कल्याणलाच, झोपेत. मी पुढच्या बाजूला खांदा दिला. चौघं होतो, आणि त्या दिवशी चौघंच असायला हवे होते. नाक्यापाशी खांदेपालट करायला थांबलो तेव्हा मागे पाहिलं. आमचे व्याही डोंबिवलीहून आले होते. आता काठीवर चालत होते, खांदा देण्याजोगं वय राहिलं नव्हतं. पण एक हात पुढे करून त्यांनी दादांचा पाय धरला होता. मी पाहतोय हे लक्षात आल्यावर म्हणाले, "चला. पाच आहोत."