कॅसल इंजिनाची पितळी टोपी

पितळेची टोपी आधी छताच्या लाकडी फाट्याला लागली, मग फुलोऱ्यात घुसली, आणि महालक्ष्म्यांच्या डोक्यावर टांगलेल्या करंज्या, साटोऱ्या, पापड्या सवाष्णींच्या अंगावर पडू लागल्या. खोलीभर वाफ झाली. वाफेतून सासूबाईंचा आवाज आला. त्यांना तीन वर्षांपासून काही ऐकू येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "कोन आलं वो?"

कोणी आलं नव्हतं. आमच्या इंजिनाचा बॉयलर फुटला होता. खरं सांगते, त्या वेळी मी ना देवीकडे पाहिलं, ना सासूकडे, ना नवऱ्याकडे. मी पाहिलं इंदिराबाईकडे. तिच्या केसात साटोरीचा तुकडा अडकला होता, आणि तरीही ती माझ्यापेक्षा चांगली दिसत होती.

इंदिराबाई म्हणजे सिंदी स्टेशनच्या पार्सलबाबूंची बायको. आम्ही सिंदीलाच, कापसातली सरकी काढायच्या जिनाच्या चाळीत राहत होतो. आमचे हे जिनात फिटर. कापसाच्या हंगामात बॉयलर सांभाळायचे आणि हंगाम संपला की घरातल्या भांड्यांकडे वाईट नजरेने पाहायचे, कारण त्यांना खेळण्यातली इंजिनं करायचा नाद होता. हाच नाद पार्सलबाबूंनाही होता. एका गावात एक वेडा असला की गाव त्याला सांभाळून घेतं. दोन असले की त्यांची भांडणं होतात.

हा रोग आला जिनातल्या गोऱ्या इंजिनेरामुळे. स्वराज्य आल्यावर तो विलायतेला गेला. जाताना एक कुत्रा, दोन खुर्च्या आणि मासिकांचा एक गठ्ठा मागे ठेवून गेला. कुत्रा चौकीदाराने नेला, खुर्च्या मॅनेजरने नेल्या, आणि कोणीच नेला नाही तो गठ्ठा आमच्या घरी आला. त्यात विलायतेतल्या इंजिनांची चित्रं होती, आणि ती इंजिनं लहान करून घरी कशी बनवायची त्याचे नकाशे. पार्सलबाबूंना इंग्रजी येत होतं. ते वाचायला म्हणून आले आणि अर्धा गठ्ठा घेऊन गेले. आमच्या अर्ध्यात निघालं कॅसल नावाचं इंजिन. त्यांच्या अर्ध्यात निघालं मॅलार्ड. झालं! जो अर्धा ज्याच्या घरी, ते इंजिन जगात भारी. गठ्ठा उलटा फाटला असता तर दोघं उलटे भांडले असते, हे मला चौथी शिकलेल्या बाईला कळत होतं.

रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर हेच.

"फिटर, मॅलार्डएवढं जोरात वाफेचं इंजिन दुनियेत कोनतंच पळालं नाई. छापून आलं हाय."

"उतारावर पळालं ना?"

"उतार होता थोडासा."

"उतारावर तं आमचा गाडीवान दमडू बी बैलाची रेंगी जोरात हाकते. अन् पळून आल्यावर त्याचं बेअरिंग जळलं, हे तुमीच वाचून दाखवलं होतं बाबू. अन् ते थोबाड पाहा त्याचं. इंजिन हाय का उलटं धरलेलं सूप?"

"हवा कापाले तसं केलं हाय. तुमचं कॅसल म्हंजे नवरदेवाचं घोडं. नुसते दागिने!"

"चार सिलिंडर हायेत त्याले. तुमच्या बदकाले तीन."

(मॅलार्ड म्हणजे बदकाची जात, असं पार्सलबाबूंनीच एकदा सांगितलं होतं. ते त्यांनी सांगायला नको होतं.)

दोघांनीही ही इंजिनं डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. सिंदीच्या फलाटावर ती कधी येणारही नव्हती. आमच्या फलाटावरून रोज खरी इंजिनं जायची, काळी, धुळीने भरलेली, बिचारी. त्यांच्याकडे हे दोघं ढुंकून पाहत नसत. वर्ध्याकडे जाणारी गाडी निघून जायची तरी यांचं सिलिंडर चालूच.

मला यातलं काहीच नको होतं. पण दागिन्यांची गोष्ट मला लागली. कॅसलच्या चिमणीला तांब्याची कडा होती आणि पाठीवर पितळेची चकचकीत टोपी. ह्यांनी ती टोपी कानशीने घासून घासून घडवली. तीन महिने. मला सहा वर्षांत साधी नथ केली नव्हती. टोपी चिंचेने उजळायचं काम मात्र माझ्याकडे.

आता महालक्ष्म्यांचं सांगते, म्हणजे घोळ कळेल.

आमच्याकडेही महालक्ष्म्या बसायच्या आणि इंदिराबाईकडेही. हळदीकुंकवाला त्याच बाया दोन्ही घरी जायच्या. आदल्या वर्षी पार्सलबाबूंनी देवींच्या भोवती गोल रूळ मांडून मॅलार्ड पळवलं. निळा रंग, आत नागपूरच्या तांबटाकडून करून आणलेला तांब्याचा बॉयलर. बाया तिकडेच बसून राहिल्या. माझ्याकडे आल्या तेव्हा दिवे लागले होते. उभ्या उभ्या कुंकू लावून घेतलं आणि गेल्या. हंडाभर आंबील उरली. आम्ही ती तीन दिवस प्यालो. तिसऱ्या दिवशी मी ठरवलं, पुढच्या वर्षी या बाया माझ्या घरी बसतील. मांडी घालून बसतील. आणि इंदिराबाई पाहील.

तोपर्यंत आमचं कॅसल होतं टिनाचं, गोडेतेलाच्या डब्याचं. इंदिराबाई एकदा पीठ मागायला आली आणि त्याच्यावर टिचकी मारून पाहिली.

"टिनाचं हाय काय वो बाई? आमच्या यायनं तं तांब्याचं केलं."

ती गेल्यावर मी माझं घंगाळ ह्यांच्या पुढ्यात आणून ठेवलं. लग्नात आईने दिलेलं, तांब्याचं, जाड. सगळ्या चाळीत असं घंगाळ कोणाकडे नव्हतं.

हे घाबरले. "काऊन?"

"कापा."

"अवं पन तू आंघोळ कायच्यात करशीन?"

"बादलीत करीन. तुमी कापा."

त्यांनी मला विचारायला हवं होतं की तुझं डोकं ठिकाणावर आहे का. त्यांनी विचारलं, कात्री कुठे आहे.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी दुपारपासून बाया येऊ लागल्या. सगळ्या बसल्या. मांडी घालून बसल्या! कारण गावात बातमी गेली होती, दोन्ही इंजिनं फिटरच्या घरी, एकाच रुळावर पळणार आहेत. जे एका दमात जास्त फेरे मारेल ते चांगलं. जो हरेल त्याने सगळ्यांसमोर दुसऱ्याचं इंजिन चांगलं म्हणायचं. हे दोघांचं ठरलं होतं. इंदिराबाई हिरवं इरकली लुगडं नेसून पुढेच बसली.

मॅलार्ड आधी पळालं. देवींच्या भोवती आठ फेरे झाले आणि थांबलं. बाया "वा वा" म्हणाल्या. इंदिराबाईने पदर सारखा केला. कशाला, कोण जाणे. पदर सारखाच होता.

मग ह्यांनी कॅसलच्या पोटाखाली स्पिरिटचा दिवा लावला. खोली बायांची, म्हणून दोघं पुरुष बाहेर ओट्यावर गेले. जाताना हे मला म्हणाले, "वाफ धरली का आवाज देजो. अन् त्या टोपीले हात लावू नोको."

टोपीला हात लावू नको! जी मी तीन महिने चिंचेने घासली!

थोड्या वेळाने टोपीतून आवाज यायला लागला. फुस्स. मग जास्त. फुस्स, फुस्स. वर वाफेची शेंडी.

"गळून राह्यलं वो बाई तुमचं," इंदिराबाई म्हणाली.

मागून कोणीतरी म्हणालं, "कढी उतू चालली वाटते." सगळ्या हसल्या. सासूबाईही हसल्या, ऐकू न येता.

मी नुकतीच पोळ्यांवरून उठले होते. पुरणपोळीची कणीक, तेल लावून तिंबलेली, बोटांना लागली होती, आणि एक उंडा हातात राहिला होता. आमच्याकडे हंड्याच्या झाकणातून वाफ जाऊ लागली की कणकेने लिंपतात. आईने लिंपलं, आजीने लिंपलं. वाफ बाहेर गेली म्हणजे सरपण फुकट गेलं, एवढं मला समजत होतं. मी समईची वात सारखी करायला म्हणून वाकले आणि त्या टोपीच्या तोंडात उंडा दाबला. चांगला अंगठ्याने, कडेकडेने. भाजलंसुद्धा.

आवाज बंद झाला. मी इंदिराबाईकडे पाहिलं. आता बोल म्हटलं मनात.

मी हाक मारली. हे आत आले, दांडी सरकवली, आणि कॅसल निघालं. काय पळालं! मॅलार्ड चाललं होतं, हे पळत होतं. सहा फेरे, सात, आठ. नववा झाला तेव्हा बायांनी टाळ्या वाजवल्या. इंदिराबाईचा चेहरा असा झाला की मला वाटलं, एक घंगाळ काय, दोन असती तरी दिली असती.

ह्यांच्या कपाळाला मात्र आठ्या. "शेफ्टीचा आवाज काऊन नाई येऊन राह्यला? जास्तीची वाफ कुठून जाऊन राह्यली?"

"चांगलं झालं म्हून," मी म्हणाले.

तेव्हा मला कळलं की त्या टोपीला शेफ्टी म्हणतात. जास्तीची वाफ बाहेर सोडायला असते ती. दागिना नव्हताच तो. पण हे कळलं तेव्हा दहावा फेरा संपला होता, आणि अकराव्याचं काय झालं ते मी सुरुवातीलाच सांगितलं आहे.

वाफ निवली. ज्येष्ठेच्या गालाला काळा ठिपका लागला होता, तीट लावल्यासारखा. कोणाला इजा झाली नव्हती. बाया अंगावरच्या करंज्या वेचत होत्या. (दोघींनी खाल्ल्यासुद्धा. मी नावं सांगणार नाही.) हे फाटलेला बॉयलर हातात घेऊन बसले. हात पोळत होते तरी सोडेनात. पार्सलबाबू दारातून आत आले आणि हळूच म्हणाले, "फिटर, म्या पैलेच सांगतलं होतं. इंजिनाचं डिझाइनच कमजोर हाय."

आमच्या ह्यांच्या हाताला जिनातला मोठा बॉयलर ओळखायचा. त्यांनी घातलेला जोड आजवर सुटला नव्हता. त्यामुळे त्यांच्यासमोर दोनच रस्ते होते. एक तर त्यांचा हात वाईट, नाहीतर कॅसल वाईट. तिसराही एक रस्ता होता. तो समईपाशी उभा राहून फुंकर घालून अंगठा गार करत होता.

दहा फेरे झाले होते, पण फुटलेल्या इंजिनाचे फेरे कोण मोजतं? त्यांनी बॉयलर खाली ठेवला. मग सगळ्या बायांसमोर म्हणाले, "बाबू, तुमचं बरोबर हाय. मॅलार्डच चांगलं."

मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण इंदिराबाई समोर बसलेली. तिच्यासमोर म्हणू, की मी इंजिनात कणीक कोंबली? त्यापेक्षा कॅसल हरलेलं बरं, असं मला त्या वेळी वाटलं. आजही त्या वेळेपुरतं वाटतं.

बाया निघाल्या. इंदिराबाई शेवटी उठली. मी कुंकू लावलं. तिने माझा हात धरला आणि मुठीत काहीतरी ठेवलं. ती टोपी. फुलोऱ्यातून तिच्या पदरात पडली होती. मी उलटी करून पाहिली. आत कणीक होती, वाफेवर छान फुललेली, वरणफळासारखी.

ती हळू आवाजात म्हणाली, "कनीक लय मस्त तिंबता वो बाई तुमी."

रात्रभर मला वाटलं, उद्या सगळी सिंदी हसेल. दुसऱ्या दिवशी कोणी हसलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तिने कोणालाच सांगितलं नाही, पार्सलबाबूंनाही नाही. याचा मला इतका राग आला की सांगता येत नाही. माझ्या पोटात असं काही एक दिवस टिकलं नसतं. रूप तिच्याकडे, इरकल तिच्याकडे, इंग्रजी जाणणारा नवरा तिच्याकडे, आणि तोंड बंद ठेवायची अक्कलही तिच्याचकडे! फक्त पीठ मागायला आली की दारातून विचारायची, "तिंबलेली नोको बरं, कोरडंच द्या."

आमच्या ह्यांनी घंगाळाचं उरलेलं तांबं काढलं आणि मॅलार्ड केलं. चांगलं झालं होतं. पुढे पार्सलबाबूंची बदली झाली, तरी दोघांची पत्रं चालू होती, आणि प्रत्येक पत्रात हे लिहायचे की विलायतेत मॅलार्डसारखं इंजिन झालं नाही. जो कोणी घरी येईल त्यालाही सांगायचे. कॅसलचं चित्र त्यांनी मासिकातून फाडलं नाही, पण ते पान आलं की उलटून पुढे जायचे.

पार्सलबाबू आधी गेले. मग आमचे हे गेले, मॅलार्डच्या बाजूचे म्हणूनच गेले. इंदिराबाई गेल्याचं पोस्टकार्ड नंतर आलं. कॅसलमध्ये काही खोट नव्हती हे माहीत असलेलं माणूस आता जगात एकच उरलं आहे. ते चौथी शिकलेलं आहे, दर दसऱ्याला एक पितळेची टोपी चिंचेने घासतं, आणि टिनाच्या बादलीतून आंघोळ करतं.