मॅकबाईंची वडी

मॅकबाई भांड्याला शिव्या द्यायच्या. इंग्लंडात, स्लाऊला आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत. रविवारी पलीकडून आवाज चढला की माझी बायको सुमन म्हणायची, "चला, बाईंनी साखर चढवली." त्यांचं खरं आडनाव लांबलचक. आम्ही मॅकबाई केलं.

साखर, लोणी आणि डब्यातलं घट्ट दूध आटवून त्या त्यांच्या स्कॉटलंडची वडी करायच्या. टॅब्लेट म्हणतात तिला. गॅस बंद केला की खरं काम, लाकडी चमच्यानं घोटत राहायचं. "आळ की गं सटवे, दिवसभर उभी राहू का?" हे भांड्याला, त्यांच्या भाषेत. सुमनला इंग्रजी येत नव्हतं, पण पाक कळायचा. थंड पाण्यात थेंब टाकून ती गोळी दाखवायची, "झालाय हो, बाई!" मॅकबाई मान हलवायच्या, "अजून नाही!" दोघी आपापल्या भाषेत कडाकडा भांडायच्या आणि वडी मात्र झकास व्हायची.

मी चौथी शिकलेला, जन्म फॅक्टरीत गेला, पण कुणापुढे हात पसरला नाही. मूलबाळ नाही. ब्याण्णव साली सुमन गेली. मी दार लावून घेतलं. मॅकबाई वडी घेऊन आल्या, तर दारातच सांगितलं, "आमच्यात दुखवट्यात गोड खात नाहीत. तेराव्याला जवळचं माणूस गोड घास भरवतं, मग दुखवटा सुटतो."

"तुझं कोण येणार?"

"कोणी नाही. आणि मला लागतही नाही."

त्या ताटली घेऊन परत गेल्या.

तेराव्याला भिंतीपलीकडे चमचा वाजत होता, शिव्या नव्हत्या. मग दार वाजलं.

"मला नको," मी म्हटलं.

"तुला विचारलंय कुणी? तोंड उघड, म्हाताऱ्या."

वडी अजून कोमट होती. सुमन गेल्यावर मी तोवर रडलो नव्हतो. तिथंच पायरीवर बसलो. त्या शेजारी बसून राहिल्या.

चार-पाच वर्षांनी मॅकबाई हॉस्पिटलात गेल्या, तिथूनच गेल्या. भाचा आला, घर रिकामं करून निघून गेला. त्यांचा दुखवटा मी धरला. कुणाला विचारलं नाही. तेराव्याला सकाळपासून पुढच्या खोलीत बसलो. येणारं कोणी नव्हतं, हे ठाऊक होतं. तरी अंधार पडेपर्यंत उठलो नाही.

गोड अजून तोंडाला लावलेलं नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा घेतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, या वयात ही सवय चांगली.