सगळ्याच बाह्या डाव्या

बारकी घरात सर्वांत धाकटी, म्हणून तिला ते नाव पडलं, आणि डोकं दाराच्या चौकटीला टेकू लागलं तरी सुटलं नाही. आत्याचं शिवणकामाचं दुकान होतं. शाळा सुटली की पोरगी तिथे जाऊन बसायची, आणि तेव्हापासून तिला एकच वेड होतं, बेतायचं. शिवायला काय, कोणीही शिकतं, असं ती मशीनवाल्या काकांच्या तोंडावर म्हणायची आणि काका बिचारे हसून सुईत दोरा ओवत राहायचे. कोऱ्या कापडावर खडूने रेघ ओढायची आणि मग न कचरता कात्री चालवायची, यापुढे तिला सगळं जग अळणी वाटायचं. आत्याचे खांदे आता कुरकुरू लागले होते. बेतायचं टेबल बारकीच्या हाती सोपवावं आणि आपण गिऱ्हाइकांशी पोटभर गप्पा माराव्यात, असं तिच्या मनात होतं. म्हणजे दोघींनाही हवं होतं ते एकच.

आड आली ती झोप. बारकीला झोप येत नव्हती असं मुळीच नाही. झोप वेळेवर यायची, पण ही तिला दारात ताटकळत ठेवून फोन घेऊन बसायची. एका मैत्रिणीचं भांडण, दुसरीची समजूत, मग परक्या देशातल्या कुणा शिंप्याचा कोट बेततानाचा व्हिडिओ, आणि तो बघितला की त्याच्या शेजारचा. सकाळी हाका मारून मारून बापाचा घसा बसायचा. दुकानात आल्यावर चहावर चहा. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत लोळून आठवड्याची कसर काढायची आणि त्या रात्री पुन्हा डोळे टक्क उघडे. कुणी बोललं तर उत्तर तयार असायचं, तरुणपणी झोपतं कोण?

अशातच बँडपथकाच्या कोटांचं काम आलं. कापड सुरेख होतं, सुलट बाजूला चकाकी आणि उलट बाजूला लव. आत्याने मोठ्या विश्वासाने बाह्या बारकीकडे दिल्या. बाह्या बेतायच्या म्हणजे कापड दुहेरी घालायचं, सुलटीवर सुलट, की एका कापात डावी आणि उजवी अशी जोडी निघते. हे बारकीला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं, आणि त्या दिवशी ती जवळजवळ झोपेतच होती. तिने सगळे थर सुलट बाजू वर ठेवून एकावर एक पसरले आणि जांभई देत कात्री चालवली.

घोळ कळला तो ढोलवाला कोट घालून बघायला आला तेव्हा. डावा हात झकास बसला. उजवा हात मात्र बाहीने असा काही पिळून मागे नेला, की ढोल पाठीवर बांधल्याशिवाय वाजवता येणार नव्हता. काकांनी गठ्ठा उपसला. सगळ्याच बाह्या डाव्या! तशा रंगाचं कापड आता मिळणार नव्हतं.

आत्या तोंडाने फटकळ, पण वेळ आली की डोकं थंड ठेवणारी. तिने बँडवाल्यांना सरळ सांगितलं, की उकाड्याचे दिवस आहेत, बिनबाह्यांची जाकिटं करून देते, हात मोकळे राहतील. ढोलवाल्याला तर आनंदच झाला. वाया गेलेल्या बाह्यांपैकी एकीत चिंध्या ठासून आत्याने लांबलचक उशी शिवली आणि ती बारकीच्या हातात ठेवली.

"कात्री हाताने नाही चालत, बारके, डोळ्यांनी चालते," ती म्हणाली. "तुझे डोळे रात्रपाळी करून येतात. झोपायला शीक, तोवर टेबलाला हात लावायचा नाही. नाहीच जमलं तर मी बाहेरचा माणूस बघेन."

बारकी त्याच संध्याकाळी जेवण उरकून लगेच आडवी झाली आणि झोपायचंच असा चंग बांधून पडून राहिली. झोप काय कुणाच्या हुकुमाची ताबेदार? जितके डोळे घट्ट मिटावेत तितकं डोकं भणभणायचं. काकांनी पायाला तेल चोळायला सांगितलं, बापाने आकडे उलटे मोजायला लावले. बारकी पायाचं तेल पांघरुणाला पुसत आकडे मोजत राहिली आणि सकाळी लाल डोळ्यांनी दुकानात हजर झाली.

शेवटी आत्याच तिच्या खोलीत येऊन थडकली. बिछान्यावर फोन, चार्जर, बिस्किटांचा पुडा, वह्या, कंगवा, असा बाजार भरलेला होता. आत्या बघतच राहिली.

"बेतायच्या टेबलावर मी चहाचा कप तरी ठेवू देते का तुला?" तिने विचारलं.

"नाही."

"मग हेही टेबलच समज. इथे झोपेशिवाय दुसरं काम नाही."

ही भाषा बारकीला कळली. बिछाना रिकामा झाला. फोन रात्री बापाच्या स्वाधीन झाला, आणि तो इतका इमानदार, की कुठे ठेवला ते स्वतःच विसरायचा आणि सकाळी घरभर शोधाशोध व्हायची. दुपारच्या जेवणानंतर चहा बंद. झोप नाहीच आली तर तळमळत पडायचं नाही, उठून मंद दिव्यात बटणं निवडायची, असं आत्याने बजावलं होतं. बटणं निवडण्याइतकं कंटाळवाणं काम जगात नाही, मूठभर निवडली की मान डुलायला लागायची. सर्वांत जड गेलं ते सुट्टीच्या दिवशीही रोजच्याच वेळेला उठून उन्हात खिडकीशी बसणं. त्या दिवशी तिने घरातल्या प्रत्येकाशी भांडण उकरून काढलं. पण हळूहळू रात्री डोळे आपोआप जड होऊ लागले. सकाळी बाप हाक मारायला यायचा, तर ही आधीच उठून गुणगुणत केस विंचरत असायची. तिला पुन्हा भूक लागू लागली, विनोद कळू लागले, आणि काकांच्या मशीनला तेल हवंय हे नुसत्या आवाजावरून ओळखू येऊ लागलं. आपण इतके दिवस अर्ध्याच जाग्या होतो, याचं तिला हसू यायचं.

एके दुपारी आत्याने भारी लोकरी कापडाचा तागा टेबलावर उलगडला आणि कात्री तिच्यापुढे सरकवली. असल्या कापडाला आत्या दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. ती खुर्ची ओढून बारकीच्या अगदी कोपराशी बसली. बारकीने कापड दुहेरी घातलं, सुलटीवर सुलट, हात फिरवून सुरकुती काढली आणि रेघ ओढली. कात्री कापडात शिरली आणि शेजारून बारीक घोरणं ऐकू आलं.

काकांनी आत्याला उठवायला हात पुढे केला. बारकीने मानेनेच नको म्हटलं. तिने बाह्या बेतल्या, पाठ बेतली, पुढचे दोन्ही भाग बेतले आणि तुकडे जोडीजोडीने लावून ठेवले. मग तिने आत्याच्या खांद्याला हलकेच हात लावला.

"झालं?" आत्याने डोळे न उघडताच विचारलं.

"झालं. बघतेस?"

"मग उठवलंस कशाला?" असं म्हणून आत्याने मान दुसऱ्या बाजूला टाकली आणि ती पुन्हा झोपली. बारकीला इतका आनंद झाला, की काकांना डोळे दिसू नयेत म्हणून ती तागा गुंडाळत पाठमोरी उभी राहिली.