शैलाकाकू, सोळा मैल आणि सहाचा ठोका

चालण्याचे किस्से बुटाच्या चिखलासारखे असतात. घरी येऊन कितीही घासा, थोडा शिवणीत राहतोच, आणि पुढच्या वेळी त्यावर नवा थर बसतो. नॉटिंगहॅमच्या आमच्या मराठी मंडळींचा चालण्याचा एक ग्रुप आहे. महिन्यातून एका रविवारी चालायचं, मग कुणाच्या तरी घरी चहा, आणि चहाबरोबर किस्से. मी कोपऱ्यात बसून ऐकते. पंधरा वर्षांच्या मुलीला तिथे कुणी फारसं काही विचारत नाही, आणि विचारलंच तर मी ‘हो’ म्हणते. सगळ्यात जास्त किस्से शैलाकाकूंचे असतात. पण मे महिन्यातल्या त्या एका शनिवारी त्यांच्याबरोबर फक्त मी होते. त्यामुळे हे किस्से माझे!

*

शैलाकाकू सदुसष्ट वर्षांच्या आहेत. चाळीस वर्षं त्या हॉस्पिटलच्या वॉर्डात नर्स होत्या. रिटायर झाल्यावर त्यांनी ठरवलं की ऑगस्टमध्ये पेनाइन वे हा डोंगरातला लांब पायी रस्ता चालायचा. एडेलपासून थेट स्कॉटलंडपर्यंत, पाठीवर सॅक घेऊन, जवळजवळ तीन आठवडे, आणि एकट्याने!

त्यांचा मुलगा रोहनदादा इथेच जन्मलाय, इथेच वाढलाय, पण हे ऐकून तो अगदी देशातल्या आजोबांसारखा घाबरला.

“आई, तुझा गुडघा!”

“गुडघा माझा आहे. त्याला विचारलंय मी.”

शेवटी अट ठरली. पहिल्या दिवसाचा टप्पा एका दमात चालून दाखवायचा. एडेल ते क्राउडन, सोळा मैल, मध्ये दोन डोंगर. “मी सिक्सला क्राउडनच्या कार पार्कमध्ये उभा असेन,” रोहनदादा म्हणाला. “सहाच्या आत आलीस तर ऑगस्टमध्ये जा. नाहीतर तुझी मोठी सॅक चॅरिटी शॉपला.”

“सहा म्हणजे सहा,” काकू म्हणाल्या. “एक मिनिटाची सूट मागणार नाही.”

मला बरोबर का पाठवलं, ते एडेलमधून निघाल्यावर पहिल्याच फाटकाशी कळलं. काकू थांबल्या आणि म्हणाल्या, “मुक्ता, खरं सांग. रोहनने तुला माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय ना?”

मी ‘हो’ म्हटलं.

“आणि तुझ्या आईने मला तुझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय. म्हणजे दोघीही ड्यूटीवर! मग पेशंट कोण?”

*

डोंगर सुरू होण्याआधी एक शेत लागतं. तिथल्या फाटकावर प्लास्टिकचा मोठा डबा ठेवलेला होता, आणि वर चिठ्ठी: ‘चालणाऱ्यांनो, हवं ते घ्या.’ आत ओटच्या वड्या होत्या, बहुतेक घरी केलेल्या. शेवटच्या दोन उरल्या होत्या. आम्ही एकेक घेतली. मी झाकण लावायला गेले तर काकूंनी माझा हात धरला.

“अगं, दुसऱ्याचा डबा रिकामा ठेवून जायचं?”

मी म्हटलं, “काकू, तो त्यांचाच डबा आहे. आपण कुठे परत देतोय?”

“रिकामा तो रिकामाच!” असं म्हणून त्यांनी सॅक उघडली आणि बेसनाचे आठ लाडू त्या डब्यात रचून ठेवले. मग चिठ्ठीच्या खाली पेनाने लिहिलं, ‘डाळीचं पीठ आणि तूप. काळजी नसावी.’

तासाभराने जेकब्ज लॅडरच्या चढावर मागून चार माणसं आली. जेकब्ज लॅडर म्हणजे दगडी पायऱ्यांचा सरळसोट चढ. त्यांतला पिवळ्या जॅकेटवाला दुसऱ्याला सांगत होता, “मी या रस्त्याने वीस वर्षं येतोय. डर्बीशरमध्ये असं काही बनतं हे मला माहीतच नव्हतं!” त्याच्या दाढीला बेसन लागलं होतं.

काकू मला हळूच म्हणाल्या, “राहू दे. बिचाऱ्याला डर्बीशरचा अभिमान वाटतोय.”

*

त्याच चढावर पिवळं जॅकेट आमच्या शेजारून जाताना म्हणालं, “सावकाश हं, लेडीज! घाई करू नका.” आणि टणाटण पायऱ्या चढत वर गेलं.

काकूंनी घाई केलीच नाही. त्यांची चढायची एक पद्धत आहे. त्या शिखराकडे बघतच नाहीत. दहा पावलांवरचा एक दगड निवडतात, तिथे पोचतात, एक श्वास घेतात आणि म्हणतात, “नेक्स्ट बेड!” वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाकडे बघितलं की रात्रपाळी संपत नाही, असं त्यांचं म्हणणं. सतराव्या बेडपाशी मी धापा टाकायला लागले. तिसाव्या बेडवर पिवळं जॅकेट बसलं होतं. जॅकेट पिवळं, चेहरा लालबुंद.

काकू न थांबता म्हणाल्या, “सावकाश हं! घाई करू नका.”

पुढच्या बेडला मला त्यांनी बजावलं, “हे तुझ्या आईला सांगू नकोस. मी तुझ्यावर चांगले संस्कार करते असं वाटतं तिला.”

*

किंडर या पहिल्या डोंगराच्या माथ्यावर एक धबधबा आहे. वारा जोरात असला की त्याचं पाणी खाली पडायच्या ऐवजी वर उडतं. मी शाळेत याबद्दल वाचलं होतं, म्हणून काकूंना समोर बसायला जागा दाखवली. वाचलेलं होतं, पण ते पाणी कुठे जातं याचा विचार केला नव्हता. काकूंनी थर्मासमधून अर्धा कप चहा ओतला आणि त्याच क्षणी वारा आला. आम्ही दोघी नखशिखांत भिजलो.

काकूंनी कपात बघितलं. कप काठोकाठ भरला होता.

“बघ,” त्या म्हणाल्या, “या देशात चहात पाणीच जास्त.”

*

दुपारी एकला आम्ही स्नेक पासच्या रस्त्यावर उतरलो. तिथे रोहनदादाची गाडी उभी होती! हीटर चालू, मागचं दार उघडं, आणि कागदात गरमागरम चिप्स.

“सहजच आलोय,” तो म्हणाला. “बस ना, आई. पाच मिनिटं.”

काकूंनी चिप्स घेतल्या, पण उभ्यानेच खाल्ल्या. तो म्हणाला, सीट गरम आहे. त्या म्हणाल्या, मलाही गरम होतंय. मग बोलता बोलता त्या सहज दुखऱ्या गुडघ्याच्या पायावर, त्या एकाच पायावर, उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. सावकाश, दोनदा गाठ मारून!

रोहनदादाने मला बाजूला घेतलं. “मुक्ता, ऑनेस्टली सांग. ती ठीक आहे?”

मी होकारार्थी मान हलवली.

“गुडघा?”

मी पुन्हा मान हलवली.

“तू फार बडबड करतेस हं,” तो म्हणाला.

गाडी दिसेनाशी झाल्यावर काकू रस्त्याकडेच्या दगडावर मटकन बसल्या. “बसले असते ना त्या सीटवर,” त्या म्हणाल्या, “तर क्रेन आणावी लागली असती.”

*

ब्लीकलोच्या पठारावर धुकं होतं. तिथे सगळीकडे काळा पीट, म्हणजे कुजलेल्या शेवाळ-गवताचा मऊ चिखल, आणि त्यात डोक्याइतक्या खोल घळी, त्यामुळे प्रत्येक वाट दुसरीसारखी दिसते. नकाशा आणि होकायंत्र माझ्या गळ्यात होतं. काकू पुढे, मी मागे. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की आपण उत्तरेऐवजी पूर्वेला चाललोय. पण मोठ्या माणसाला चूक कशी सांगायची? काकूंना माहीत असेल, असं म्हणत मी मागोमाग जात राहिले. दहा मिनिटं! वाट संपली तेव्हा समोर फक्त एक मेंढी होती, आणि तीही आमच्याकडे ‘तुम्ही इथे कशा?’ असं बघत होती.

“नकाशा काय म्हणतो?” काकूंनी विचारलं.

“आपण मघाशीच चुकलो.”

“मघाशी म्हणजे कधी?”

“दहा मिनिटांपूर्वी.”

“अगं, मग बोलली का नाहीस? मी दर वळणाला तुझ्या तोंडाकडे बघत होते. तू गप्प, म्हणून मला वाटलं, बरोबर आहे!”

म्हणजे मी त्यांच्या मागे चालले होते आणि त्या माझ्या तोंडाच्या मागे.

परत येताना काकू रागावल्या नाहीत, पण एकदा थांबून म्हणाल्या, “वॉर्डात नवीन मुलगी लाजून गप्प बसली ना, की चुकीच्या बेडला चुकीचं औषध जातं. माझ्यापेक्षा मोठे डॉक्टर होते, त्यांनाही मी सांगायची. आधी ‘सॉरी’ म्हणायची, मग सांगायची. पण सांगायची!”

मी म्हटलं, “सॉरी, काकू, डावीकडे.”

*

तरीही वेळ होती. टॉरसाइडच्या उतारावर आलो तेव्हा खाली तलाव दिसत होता आणि पाच वाजले होते. आरामात पोचलो असतो. पण वाटेच्या कडेला एक माणूस एकटाच बसला होता. एक बूट बाजूला काढलेला, आणि टाचेचा फोड फुटून मोजा रक्ताने भिजलेला. मित्र पुढे निघून गेले होते. ‘मी येतो हळूहळू’ असं त्यानेच त्यांना ऐटीत सांगितलं होतं.

काकूंनी घड्याळाकडे पाहिलं. मग गुडघ्यावर बसल्या. दुखऱ्या गुडघ्यावर!

जखम धुतली, पट्टी कापली, वर मऊ गादी बसवली, माझा जादा मोजा त्याला घातला. तो मध्येच रडायला लागला. दुखण्याने नाही, लाजेने. म्हणाला, “प्लीज, हे कुणाला सांगू नका.” काकू म्हणाल्या, “पेशंटचं मी चाळीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही.” मग त्याला मध्ये घेऊन आम्ही त्याच्याच वेगाने उतरलो, म्हणजे गोगलगायीच्या. खाली रस्त्याशी त्याचे मित्र भेटले.

तो माणूस कोण ते मी लिहिणार नाही. त्याच्या जॅकेटचा रंगसुद्धा नाही. पेशंटचं बाहेर बोलायचं नाही, अशी काकूंची सक्त ताकीद आहे. “रोहनलाही नाही,” त्या म्हणाल्या. “दिलेला शब्द म्हणजे दिलेला शब्द.”

*

आम्ही क्राउडनच्या कार पार्कमध्ये शिरलो. रोहनदादा गाडीला टेकून उभा होता. तो खूश दिसत नव्हता, आणि मला वाटतं, त्याला जिंकायचंही नव्हतं.

“आई, सहा बावीस.”

“दिसतंय मला.”

“गुडघा ना?”

“गुडघा ठणठणीत आहे.”

“मग काय झालं? कुठे थांबलात?”

“काही नाही झालं.”

“काही नाही कसं, आई? बावीस मिनिटं!”

काकूंनी छातीवरचा पट्टा सोडला, मग कमरेचा, आणि सॅक काढून त्याच्या पायाशी ठेवली. “घे,” त्या म्हणाल्या. “ही लहान. मोठी घरी माळ्यावर आहे.”

“सॉरी, रोहनदादा,” कुणीतरी मोठ्याने म्हणालं. आवाज माझाच होता. “माझा पाय मुरगळला. काकू माझ्यासाठी हळू आल्या.”

रोहनदादा घाबरून पुढे आला. “कुठला पाय?”

“उजवा,” मी म्हटलं.

“डावा,” काकू म्हणाल्या. अगदी त्याच क्षणी.

रोहनदादाने माझ्या पायांकडे पाहिलं. मी दोन्हींवर सरळ उभी होते. मग त्याने आईच्या गुडघ्याकडे पाहिलं. तिथे काळा पीट आणि थोडं रक्त लागलेलं होतं, पँट मात्र कुठे फाटली नव्हती.

“दोन्ही असतील,” तो म्हणाला, आणि बाही ओढून त्याने घड्याळ झाकलं.