गिरजाबाईंचा होकार

परवा पुंडलिकनगरच्या दवाखान्यात नर्सनं माझ्या दंडाला स्पिरिट चोळलं आणि त्या वासासरशी सिल्लोडकडच्या गिरजाबाई आठवल्या. मी तेव्हा नवी डॉक्टर होते. आमच्या रुग्णालयात दम्याच्या नव्या औषधाची चाचणी चालू होती. मेंढ्या राखणाऱ्या गिरजाबाई धापा टाकत माझ्यासमोर बसल्या होत्या.

“यानं गुण येईल का?” त्यांनी विचारलं.

“ठाऊक नाही. त्रासही होऊ शकतो. नको असेल तर नाही म्हणा, नेहमीचे उपचार चालूच राहतील.”

“लई डाक्टर पाह्यले बाई, पर ठाऊक नाय म्हणणारी तूच. घे मला.”

त्यांना फारसा गुण आला नाही, तरी तपासणीला त्या येत राहिल्या. तेव्हा तो होकार मला माझ्यावरचा विश्वास वाटला होता. आता दम्यानं माझाच श्वास अडकतो, तेव्हा त्यांच्या होकारामागचं धाडस कळतं.