भुईमुगाचा पाला

उंब्रजच्या रंगूबाईनं या उन्हाळ्यात शेंगदाण्याशी उघड वैर मांडलं. कारण नात ईश्वरी. दाणा पोटात गेला की पोरीचा घसा सुजायचा, श्वास अडायचा. लेक शिवांजली तिला सांगलीहून घेऊन येणार होती, आणि जमलंच तर सुट्टीभर आजीपाशी ठेवणार होती.

मग काय! कुटाचा डबा शेजारी गेला, घाण्याचं तेल गेलं, चटणी गेली. शेजाऱ्यांची चंगळ! नवरा नाथाजी पलटणीतून निवृत्त झालेले. त्यांच्या कोपरीचे खिसेही उलटे करून झटकले.

"आगं, बॉर्डरवर बी एवढी झडती हुत न्हवती!"

"तितं नात न्हवती," रंगूबाई म्हणाली.

राहिलं घरामागचं रान. भुईमूग काढणीला आलेला. तो कुठं लपवणार?

लेक आली, चहा झाला, आणि ईश्वरी दिसेना. रंगूबाई मागच्या दारी धावली. पोर रानाच्या कडेला शेळीसमोर बसलेली. एक पान शेळीला, एक स्वतःला. भुईमुगाचं!

"शिवा! पोरीनं पाला खाल्ला गं!"

शिवांजली पोरीसाठी कायम जवळ ठेवलेलं ॲलर्जीचं इंजेक्शन घेऊनच पळत आली. चूळ भरायला लावली, जीभ बघितली, मुठी उघडून बघितल्या. शेंगेला हात लागला नव्हता. मग ती खाली टेकली. बियाण्यांच्या प्रयोगशाळेत कामाला असते ती.

"आई, हिला बाधतं ते प्रथिन झाड दाण्यात साठवतं. कोंबाची शिदोरी असती ती. पानात बनवत नाही. तरी पण बघत बसू."

"झाड एकच न्हवं?"

"व्हय. तू ज्वारी कणगीत भरतीस, का घरभर उधळतीस?"

तिघी बसल्या. रंगूबाईची नजर पोरीच्या गळ्यावरून हलेना.

"श्वास येतोय का गं?"

"आजी, तूच घे की श्वास!"

ऊन कललं. काही झालं नाही.

"मग ठेवू का हिला?" शिवांजलीनं विचारलं.

या एका प्रश्नासाठी रंगूबाई उन्हाळा लागल्यापासून फोनवर भांडत होती. आता ती रानाकडं बघत राहिली. आठ-दहा दिवसांत उपटणी. मग अंगणात शेंगा, ओट्यावर शेंगा, आळीतल्या प्रत्येक बाईच्या हाताला दाणा.

"पाला न्हाई बाधला," ती म्हणाली. "पर दाण्यापासनं मला न्हाई राखता यायची. घिऊन जा. रान मोकळं झालं की मीच न्यायला येती."

आणि तिनंच पोरीची पिशवी भरायला घेतली. ईश्वरी फ्रॉक बाहेर काढायची, रंगूबाई परत घडी घालायची.