तीन शेंगदाणे, एक सुपारी

मी चेतापेशींतल्या कॅल्शियमवर संशोधन करते हे आमच्या गावात, चकलांब्यात कळलं, तेव्हापासून मला म्हशींचे फोन येतात. म्हणजे म्हशींच्या मालकांचे. म्हैस व्याली आणि बसली ती उठेना, आता कुठलं कॅल्शियम लावू? मी पुण्यातल्या प्रयोगशाळेत, समोर उंदराच्या मेंदूतल्या पेशी ठेवून सांगते, काका, जनावरांच्या डॉक्टरला बोलवा. पलीकडून विचारतात, "मग तू इतकी वर्सं शिकायलीस काय?"

गेल्या वर्षी मात्र माझं शिक्षण खुद्द घरातच कामाला लागलं. निमित्त धाकट्या भावाच्या लग्नाचं. भाऊ शेती करतो. मोसंबीची बाग आहे, कापूस आहे, दोन म्हशी आहेत आणि व्यसन म्हणावं तर क्रिकेटचं. तरी आमच्या भागात शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळणं म्हणजे मे महिन्यात बोअरला पाणी लागण्यासारखं झालंय. भावाला ते पाणी स्वतःच लागलं. नारायणगडाच्या जत्रेत त्यानं एक मुलगी पाहिली, मग फोनवर बोलणं सुरू झालं आणि दोघांनी आपापसात ठरवूनही टाकलं. दोन्ही घरं एकाच जातीची, तोलामोलाची, त्यामुळे अडायचं काही कारण नव्हतं. अडलं ते मुलीच्या आजोबांपाशी. त्यांनी निरोप धाडला, आमची पोरगी देतो, पण साटंलोटं करायचं.

साटंलोटं म्हणजे अदलाबदल. आमची मुलगी तुमच्या मुलाला, तुमची आमच्या मुलाला. त्यांचा नातू गोदेकाठी वाळूच्या धंद्यात होता आणि त्यालाही मुलगी मिळत नव्हती. आमच्या घरात बिनलग्नाची मुलगी म्हणजे मी एकटीच. संशोधन अर्ध्यावर आलेलं, लग्नाचा विचार नाही, आणि वाळूचा तर मुळीच नाही.

भाऊ मला हो म्हण असं एकदाही बोलला नाही. गोठ्यात शेण काढता काढता खाली मान घालून एवढंच म्हणाला, "आक्का, तू हो म्हनू नको. पन लगीच न्हाई बी म्हनू नको."

इतका प्रामाणिक लबाडपणा मी आजवर ऐकला नव्हता. मी त्याला शब्द दिला.

खरं तर साटंलोटं आमच्या घराला नवं नाही. माझी आत्या दिली माझ्या मामाला आणि त्याच मांडवात मामाची बहीण, म्हणजे माझी आई, दिली आबांना. लहानपणी मला प्रश्न पडायचा, आत्याला आत्या म्हणायचं की मामी? ती म्हणायची, "जेवायला बोलवताना काय बी म्हन, मी येते."

या व्यवहाराचा कायदा साधा होता. तिकडं मामाचं आणि आत्याचं वाजलं की आत्या पिशवी उचलून चकलांब्याला यायची. ती उंबऱ्यात दिसली रे दिसली की घरातली वडीलधारी माणसं आईकडे बघायची. त्यांनी आमची पोर धाडली, आपण त्यांची धाडा. आईनं काहीच केलेलं नसायचं. तिकडच्या कालवणात मीठ जास्त पडायचं आणि इकडं आईची पिशवी भरायची. कधी आबांचं आणि आईचं बिनसायचं, मग तिकडं आत्या बिचारी भाकरी अर्धी टाकून उठायची.

मला हे सगळं फार आवडायचं. आत्या आली की शाळा बुडणार हे नक्की, म्हणून मी तिच्या गळ्यात पडायच्या आधी माझा फ्रॉक पिशवीत कोंबायची.

पुढं गावात फोन आले आणि हा कारभार वेगवान झाला. तिकडून एक निघाली की लगेच निरोप, आणि इकडून दुसरीला त्याच दिवशी गाडीत बसवायचे. त्यामुळं चकलांब्याहून निघालेली आई आणि मामाच्या गावाहून, नारायणगडाकडून येणारी आत्या यांची गाठ गेवराईच्या स्टँडवर पडायची. दोघी बाकड्यावर बसून भजी मागवायच्या आणि एकमेकींना घर सोपवायच्या. पिठाचा डबा भरून ठेवलाय. तांबड्या म्हशीपुढं जाऊ नको, मारकी झालीय. ह्यांच्या गोळ्या देव्हाऱ्यामागं हायेत, मागितल्याशिवाय घेत न्हाईत. मग आपापली गाडी लागली की दोघी तोंड पाडून चढायच्या, कारण भांडून आलेल्या बाईनं हसत उतरून चालत नाही.

हळूहळू त्यांनी या कारभाराची दोरी आपल्या हातात घेतली. ऐन कापूस वेचणीत आत्याचं भांडण हटकून व्हायचं. माहेरी आलेल्या लेकीला शेतात कोण पाठवतं? दोन्हीकडचे पुरुष स्वतः कापूस वेचायचे आणि बायकांच्या तापट स्वभावाबद्दल बोलायचे.

तर एका रविवारी आमच्या घरी बैठक बसली. मुलीचे आजोबा, त्यांचा तो नातू, मध्यस्थ म्हणून मामा, यजमान आबा. आई आणि आत्या स्वयंपाकघरात. भाऊ पाण्याचे तांबे घेऊन उगाच आतबाहेर करत होता. मी डोक्यावर पदर घेऊन समोर बसले. माझा बेत पक्का होता. मी माझा विषय त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत समजावून सांगणार, इतका की पोरगी हुशार आहे पण डोकं खाते, असं त्यांनीच ठरवावं आणि साट्याची अट आपणहून सोडावी. मी नापास, भाऊ पास.

आजोबांनी विचारलं, "काय शिकतीस, पोरी?"

मी हातातली बशी रिकामी केली, पोहे आबांच्या बशीत गेले. "ही बशी म्हणजे मेंदूतली एक पेशी," मी म्हणाले. पानाच्या तबकातली एक सुपारी उचलून बशीत ठेवली. "ही सुपारी म्हणजे कॅल्शियम. पेशीच्या बाहेर ते हजारो पटींनी जास्त, आत नावापुरतं. निरोप आला की बाहेरचं थोडं आत शिरतं. त्यानंच पुढचं काम होतं. पण काम झालं की त्याला ताबडतोब बाहेर काढावं लागतं. आत राहिलं तर घात."

"पाव्हन्यावानी," आजोबा म्हणाले.

"तसंच. आता त्याला बाहेर कोण काढतं? पेशीच्या भिंतीत एक प्रथिन असतं. ते सोडियमचे तीन कण आत घेतं आणि कॅल्शियमचा एक बाहेर सोडतं." मी भाजलेले तीन शेंगदाणे बशीत टाकले आणि सुपारी बाहेर काढली.

मामा एकदम गुडघ्यावर आला. "एकाला तीन न्हाई! एकाला एकच ठरलंय आपलं. पोरगी मनचं बोलायली, आमी आसलं काय म्हनलेलं न्हाई."

त्याला वाटलं, मी अटी वाढवतेय. बैठकीत सुपारी हातात घेऊन केलेलं बोलणं म्हणजे बोली, हे मला सुचायला हवं होतं. त्याला खाली बसवण्यात थोडा वेळ गेला.

आजोबा मात्र पुढं सरकले होते. "ते परथिन ह्ये फुकटात करतं?"

"पदरचं काही खर्चत नाही. सोडियमला आत यायची घाई असते, त्याच्या रेट्यावर कॅल्शियम बाहेर पडतं."

आजोबांनी मांडीवर थाप मारली. "आरं, ह्ये तर साटंलोटंच की! बगा, द्येवानं डोस्क्यातबी साटंलोटंच केलंय."

सगळे माना डोलवू लागले. कंटाळा आणायला निघाले होते आणि माझ्याविरुद्धचा खटला मीच जिंकून दिला होता. दारात उभ्या भावानं कपाळावर हात मारला.

"पण ते उलटं फिरतं," मी घाईनं म्हणाले.

"कंदी?"

"पेशीचा दम संपला, सोडियम आत साचत गेलं, की तेच दार उलटं चालतं. सोडियम बाहेर जातं आणि कॅल्शियम आत येतं. ज्याला काढायचं, तेच भरत जातं."

"आन मग?"

"मग पेशी मरते."

नातवानं पोह्याचा चमचा खाली ठेवला. आजोबा मामाकडं वळले. "तुमच्या दोन घरात साटंलोटंच हाय म्हनं. तुमचं फिरलं का कंदी उलटं?"

"छे छे, कंदीच न्हाई!" मामा आणि आबा एका दमात म्हणाले. उभ्या जन्मात त्या दोघांचं एवढं एकमत मी पाहिलं नव्हतं.

आणि स्वयंपाकघरात कुणीतरी फस्सकन हसलं. मग दुसरं कुणीतरी. मग भांडं पडलं.

"कोन हाय?" आजोबांनी विचारलं.

आत्या दारात आली. "मी हाय. आन ही हाय," तिनं आईला पुढं ओढलं. मग तिनं गेवराईचा स्टँड, भजी, मारकी म्हैस, कापसाच्या हंगामातली भांडणं, सगळं धडाधडा सांगून टाकलं. आजोबा डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मामाचं तोंड मात्र बघण्यासारखं झालं. इतक्या वर्षांचा कापूस त्याच्या डोळ्यांपुढून चालला असावा.

आई हसत होती, हसता हसता थांबली. पदराला हात पुसत म्हणाली, "पन एक डाव भज्यावर न्हाई भागलं."

तिनं भावाकडं बोट केलं. "ह्यो झाला तवा मी तिकडं होते. वन्सं इकडं आलत्या. आदी कोन कुनाला न्यायला जानार, ह्याच्यावर दोनी घरं आडून बसली. ह्येनी यायला निगाले तर घरच्यांनी आडवलं, म्हनले आपला मान जाईल. पोरगं पालथं पडाय लागलं तवर बापानं त्याचं त्वांड बगितलं न्हवतं. मी कडंवर घिऊन रोज फाट्यावर जायची. मला लई वाईट वाटायचं. मला काय वाटतंय, ते कुनी इचारलंच न्हाई."

मला ते दिवस आठवतात. मी बालवाडीत होते, मामाच्या गावची चिंच होती, फाट्यावर जायला मिळायचं म्हणून मी आईच्या पुढं पळायची. आई कुणाची वाट बघायची, हे मला त्या बैठकीत कळलं. आबांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

भावानं हातातला तांब्या खाली ठेवला. "मग माजं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "आक्काला बदल्यात न्हाई द्यायची." जत्रेतल्या त्या मुलीसाठी हा पोरगा मोसंबीच्या झाडांवर चढून रेंज शोधायचा. मला त्याची माया दाटून आली आणि रागही आला, कारण इतका वेळ धरून ठेवलेली गंमत माझ्या हातून सुटली आणि सगळ्यांसमोर मला रडू फुटलं.

आजोबांनी बशी पुढ्यात ओढली. त्यांनी विचारलं, "पोरी, कॅल्शियम काढायला दुसरी वाट न्हाई का?"

"आहे," मी नाक पुसत म्हणाले. "एक पंप असतो. तो बदल्यात सोडियम मागत नाही. सावकाश चालतो, एकेक कण काढतो. पण त्याला जोर आपल्या पदरचा लावावा लागतो."

"आन त्यो उलटा फिरतो का?"

"असा सहजी नाही फिरत."

आजोबांनी बशीतले तिन्ही शेंगदाणे उचलून माझ्या तळहातावर ठेवले. "हे तुजे तुला," म्हणाले. मग ती सुपारी घेतली, तबकातला अडकित्ता उचलला आणि कचकन फोडली. "आमची पोरगी दिली. बदल्यात काय न्हाई."

सुपारी फुटली म्हणजे लग्न ठरलं. मामा काहीतरी बोलायला गेला, आत्यानं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. नातवानं पोह्याची बशी पुन्हा जवळ ओढली आणि आणखी शेव मागितली. सुटका फक्त माझीच झाली नव्हती, असं दिसलं.

लग्न झालं. नवी सून घरात रुळली. सुट्टी संपवून मी पुण्याला निघणार, त्याच्या आदल्या दिवशी आबा सकाळीच दाढी करून आले आणि आईला म्हणाले, "चल, तुला माहेरी सोडतो." आईनं विचारलं, "काय झालं?" आबा म्हणाले, "काय न्हाई झालं." भावाच्या पिकअपमध्ये मोसंबीचं पोतं टाकून आम्ही तिघं निघालो. गेवराईच्या स्टँडपाशी आबांनी गाडी थांबवली, खाली उतरून भजी आणली आणि आईच्या हातात पुडा दिला.

मामाच्या दारात गाडी थांबली तेव्हा आत्या अंगणात ज्वारी निवडत होती. तिनं आईला उतरताना पाहिलं. सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली. मला वाटलं, चहा टाकायला गेली असेल. मी आणि आई मागोमाग गेलो. ती खुंटीवरच्या साड्या काढून पिशवीत भरत होती.

"काय म्हनली मी कुनाला?" ती आईला म्हणाली. "सकाळधरनं तोंडबी उगडलं न्हाई मी. मग तू कशापायी आलीस? कोन भांडलं?"

आबा पोतं खांद्यावर घेऊन दारात उभे होते. "कुनी न्हाई भांडलं," ते म्हणाले. "हिला माहेरी आनलंय. तू घरातच ऱ्हायचं."

आत्या पिशवी धरून तशीच उभी राहिली. ती कुठं ठेवायची, हे तिला कळेना. शेवटी आईनं पिशवी तिच्या हातातून घेतली आणि एकेक साडी काढून परत खुंटीवर टाकली.